शिबिराच्या फलकावर ‘मानसिक आरोग्य’ लिहिण्याआधी

राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) जबाबदारी स्टाफरूममधल्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडते, हा जवळजवळ नियमच. माझ्याही अशीच पडली. आता तिच्यात एक भर पडली आहे. प्राचार्य बोलावून सांगतात, “यंदाच्या शिबिरात मानसिक आरोग्य घ्या बरं का,” आणि आपण असतो भूगोलाचे नाहीतर वाणिज्यचे. मी मराठी शिकवतो. कार्यक्रम अधिकारी म्हणून चार वर्षं काढली, त्यातलं पहिलं जवळजवळ वाया घालवलं. ते तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आधी हातात काय आहे ते बघा. रासेयो २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यायचे, एक दत्तक गाव धरायचं आणि तिथे सात दिवस मुक्कामी शिबिर करायचं, हा साचा आजही तोच आहे. गावच्या शाळेत सात रात्री मुक्काम करणारी पन्नास तरणी पोरं कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाकडे नसतात, ती आपल्याकडे आहेत. आपल्याकडे नाही ते त्या डॉक्टरचं शिक्षण. म्हणून आपलं काम तेवढंच: ऐकायचं, कुणाला मदतीची गरज आहे ते ओळखायचं आणि योग्य दारापर्यंत सोबत जायचं. उपचार आपले नव्हेत. हे पोरांना पहिल्याच बैठकीत सांगा, कारण दुसऱ्या दिवशी त्यातला एखादा तरी ‘समुपदेशक’ झालेला असतो.

(मुंबई विद्यापीठात हेच काम आजीवन अध्ययन व विस्तार विभागातून करता येतं. जवळपास कृषी विज्ञान केंद्र असेल तर तिथल्या गृहविज्ञानाच्या ताईंना भेटा. महिलांच्या गटांशी त्यांची ओळख जुनी असते, आणि कॉलेजला त्यांची आठवण सहसा होत नाही.)

दोन महिने आधी: गावात तीन फेऱ्या

पहिल्या फेरीत सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक. यांची परवानगी आणि शाळेच्या खोल्या हव्यात, एवढ्यापुरती ही फेरी. एका दुपारीत आटपते.

दुसरी फेरी महत्त्वाची. आशाताई, अंगणवाडीच्या ताई आणि बचत गटाचं काम बघणाऱ्या बाई यांना सवड काढून भेटा. कुठल्या घरात कोण आठ महिने बाहेर पडलेलं नाही, कुठल्या घरात रोज रात्री भांडी आपटतात, कुणाच्या बाळंतपणानंतर काहीतरी बिनसलं आहे, हे आशाताईंना ठाऊक असतं. त्या लगेच सांगणार नाहीत आणि तुम्हीही विचारू नका. एवढंच विचारा: “ताई, आम्ही आलो तर तुमचं काम वाढेल का कमी होईल?” पहिल्या वर्षी मी हे विचारलं नाही. शिबिर संपल्यावर सगळं त्यांनाच निस्तरावं लागलं, आणि पुढची दिवाळी येईस्तोवर त्या माझ्याशी नीट बोलत नव्हत्या.

तिसरी फेरी कॅलेंडर घेऊन. शिबिरं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात. बीडकडचं गाव असेल तर निम्मं गाव तेव्हा ऊसतोडीला गेलेलं, मागे म्हातारीकोतारी आणि नातवंडं. कापसाच्या पट्ट्यात बाया वेचणीवर, त्या दिवेलागणीला परततात. अशा गावात दुपारी तीनला ‘बौद्धिक’ ठेवलं तर पाहुण्यांचं भाषण आपलीच पोरं ऐकणार. ऊसतोडीच्या गावात कार्यक्रम आजी-आजोबांसाठी आखावा लागतो. दोन-तीन नातवंडं सांभाळणारी सत्तरीची बाई किती थकलेली असते, हे मला तिथे गेल्यावर कळलं. तिला व्याख्यान नको असतं. दोन तास पोरांना कुणी खेळायला नेलं तरी तिला पुष्कळ होतं.

कुणाला काही विचारण्याआधी: पुढचा पत्ता

माझं एकच म्हणणं या लेखात पक्कं लक्षात ठेवा. पुढचा पत्ता हातात नसेल तर प्रश्न विचारू नका. माणसाचं मन उघडायला लावायचं आणि मग आवराआवर करून सातव्या दिवशी टेम्पोत बसायचं, यापेक्षा सांडपाण्याचे शोषखड्डे खणलेले बरे.

तर एका कागदावर हे लिहून काढा. टेली-मानस, १४४१६: केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीला ११२. मग उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि जिल्हा रुग्णालयातली, म्हणजे लोकांच्या भाषेत सिव्हिलमधली, मनोविकार ओपीडी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, पण आपल्या सिव्हिलला डॉक्टर कुठल्या वारी बसतात, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, गोळ्या तिथेच मिळतात की चिठ्ठी देतात, हे कागदावरून कळत नाही. स्वतः एसटीने जाऊन या. गावाहून पहिली गाडी कितीची आणि परतीची शेवटची किती वाजता, तेही लिहा. दिवसभर रांगेत बसून शेवटची गाडी चुकली की तो माणूस पुन्हा कधी जात नाही.

१४४१६ वर आधी स्वतः फोन लावून बघा, आणि तो गावातूनच लावा. आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची, त्यामुळे खाजगी बोलायचं म्हणजे सगळ्या गावासमोर बोलणं. शेवटी शाळेमागच्या चढावर एक जागा सापडली.

व्यसनाचा प्रश्न तर प्रत्येक गावात निघतोच. तालुक्याच्या गावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, बैठक भरते का, चौकशी करा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे. दाखल होण्याची पद्धत आधी फोनवर समजून घ्या, म्हणजे कुणी विचारलं तर आपण अंदाजपंचे बोलणार नाही.

आणखी एक कागद कामाचा: अपंगत्वाचं प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजारही येतो. घरात पंधरा वर्षं आजारी मुलगा असलेल्या कित्येक आयांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्या चार वर्षांत एखाद्या घराला खरोखर काही हाती लागलं असेल, तर ते यातून.

पन्नासांतले बारा

सगळ्या स्वयंसेवकांना घरभेटींना पाठवू नका. दहा-बारा निवडा, आणि निवडताना वक्तृत्वातले बक्षीसवाले बाजूला ठेवा. ती पथनाट्याला उत्तम. इथे स्वयंपाकघरात मुकाट्याने भाजी निवडत बसलेल्या पोराला समोरचा माणूस आपणहून काहीतरी सांगू लागतो, तसली पोरं हवीत.

दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरतं. विद्यापीठाच्या मानसशास्त्र किंवा समाजकार्य विभागातून कुणी आलं तर चांगलंच, तसं कुणी नसेल तर सिव्हिलमधल्या समुपदेशकांना विचारा. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेचे मराठी व्हिडिओ ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवर आहेत, ते आधी बघून ठेवता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराचा गाभा तीन शब्दांत मावतो: पहा, ऐका, जोडा. दोघांदोघांना समोरासमोर बसवून सराव घ्या. एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या पोरांपैकी एकालाही पहिल्या खेपेला पाच मिनिटं जमली नाहीत. दीड मिनिटात “मग तू असं कर ना” सुरू. प्राध्यापकांनाही सरावाला बसवा, त्यांचं अर्ध्या मिनिटातच होतं.

“सगळं ठीक होईल”, “तुमच्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत”, “मन खंबीर ठेवा” ही वाक्यं फळ्यावर लिहून सगळ्यांसमोर खोडा.

आणि ही पोरंही तशाच घरांतून आलेली असतात. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी दारूवर बोलणं सुरू असताना एक मुलगी उठून बाहेर गेली. मी शिस्तीचा म्हणून तिला सगळ्यांसमोर परत बोलावलं. संध्याकाळी कळलं, वडिलांमुळे आठ दिवसांपूर्वीच ती मामाकडे राहायला गेली होती. तेव्हापासून आमच्याकडे पद्धत आहे: कारण न सांगता स्वयंपाकाच्या तुकडीत बदली मागता येते, आणि विचारणाऱ्याला मी ओरडतो.

गुप्ततेचा नियम सोप्या शब्दांत शिकवा. वहीत नाव नाही, फोटो नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर एक अक्षर नाही. अपवाद दोन: जिवाला धोका, आणि लहान मुलावर अत्याचार. हे समोरच्या माणसालाही बोलणं सुरू होण्यापूर्वी सांगायचं, नंतर नव्हे.

शब्द बदला

पहिल्या वर्षी आमच्या फलकावर होतं ‘मानसिक आजार: जनजागृती व समुपदेशन’. अकरा माणसं आली, त्यातली सहा आमचीच. दुसऱ्या वर्षी मुलींनी सुचवलं आणि लिहिलं: ‘झोप लागत नाही? डोक्यात विचार थांबत नाहीत? चहाला या.’ मंडपात सतरंज्या कमी पडल्या.

नैराश्य, चिंताविकार हे शब्द गावात कुणी वापरत नाही. तिथे माणसाचं ‘मन लागत नाही’, ‘जिवाला चैन पडत नाही’, ‘घाबरल्यासारखं होतं’, ‘हातपाय गळतात’, ‘कशात राम वाटत नाही’. बरेचदा तर मनाचा विषयच निघत नाही. डोकं दुखतं, अंगात कणकण असते, पोटात गोळा येतो आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. टेन्शन हा शब्द मात्र सगळीकडे चालतो. पोरांनी हे शब्द टिपावेत आणि तेच वापरावेत.

‘मनोरुग्ण’ शब्दामागे काय लपलंय तेही ओळखा. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्या त्या मुलखात गावाचं नाव हीच शिवी झालेली आहे. “याला येरवड्याला पाठवा,” असं हसत हसत ऐकत मोठं झालेल्या माणसाला तुम्ही डॉक्टरचं नाव सुचवता, तेव्हा त्याला काय ऐकू येतं याचा विचार करा.

सात दिवस

पहिले दोन दिवस मनाबिनाचं नाव काढू नका. श्रमदान करा. बांधावर घमेलं हातात असताना माणूस जे बोलतो ते सतरंजीवर बसून बोलत नाही.

तिसऱ्या दिवसापासून घरभेटी, दोघं-दोघं, आणि जमेल तिथे आशाताईंबरोबर. दिवसाला तीन घरं, त्याहून जास्त नाहीत. दारात उभं राहून फॉर्म भरायचा नाही. बसा म्हटलं तर बसायचं, चहा दिला तर प्यायचा. नाही म्हणालेल्या घरी पुन्हा जायचं नाही.

ज्या घरात शेतकरी आत्महत्या झालेली आहे तिथे तर स्वतःहून अजिबात जाऊ नका. तलाठी, पोलीस, पत्रकार, पुढारी, संशोधक सगळे येऊन गेलेले असतात. ‘पात्र’ की ‘अपात्र’ या शब्दावर त्या घराची मदत टांगलेली असते, आणि प्रत्येक नवी वही त्या बाईला त्याच चौकशीची वाटते. तिने बोलावलं तर जा. वही न घेता जा.

पुरुष कुठे भेटतात हा सगळ्यांना पडणारा प्रश्न. ते मंडपात येत नाहीत. दूध संकलन केंद्रावर भेटतात, सकाळ-संध्याकाळ, हातात कॅन आणि पावती. दुधाची फॅट लागेपर्यंतची ती दहा मिनिटं सोन्यासारखी. आमचा एक मुलगा रोज सहाला तिथे जाऊन नुसता उभा राहायचा. पाचव्या दिवशी एकाने त्याला विचारलं, “तुमच्यात कुणी झोपेचं बघतं का?”

बायकांसाठी जानेवारीत हळदीकुंकू हा हुकमी मार्ग वाटतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात तेच वातावरण असतं. पण त्यात विधवा येत नाहीत, आणि जिला कुणाशी तरी बोलायची सगळ्यांत जास्त गरज तीच घरी राहते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, त्याचा दाखला सरपंचांना द्या आणि कार्यक्रमाचं नाव ‘तिळगूळ’ एवढंच ठेवा. सगळ्यांना वाण द्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोघी दारातच थांबल्या होत्या, त्यांना सरपंचबाईंनी हाताला धरून आत आणलं.

पथनाट्याची संहिता स्वतः वाचा. फाटक्या कपड्यांतला वेडा, त्याला हसणारी गर्दी, शेवटी गळफास आणि किंकाळी, ही विद्यार्थ्यांची आवडती रचना असते. तिन्ही काढून टाका. आत्महत्येची पद्धत रंगमंचावर दाखवायची नाही, हा नियम मोडायला कुठलंही कलात्मक कारण पुरेसं नाही. त्याऐवजी गावच्या भजनी मंडळाला एकनाथांचं भारूड म्हणायला सांगा. मनातली पीडा सोंग घेऊन चारचौघांत बोलून दाखवायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ते आपल्यापेक्षा सुरातही म्हणतात.

सर्वेक्षणाचा मोह

कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीला आकडे हवे असतात. इंटरनेटवर नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मिळते, पोरं तिची झेरॉक्स काढून घरोघर फिरतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. रात्री नऊ वाजता एकोणीस वर्षांच्या मुलासमोर कुणी ‘रोज’ या रकान्यावर बोट ठेवलं तर तो काय करणार? मानसशास्त्र विभाग नैतिक समितीची परवानगी घेऊन, प्रशिक्षित माणसं घेऊन करत असेल तर अवश्य करू दे. आपण करायचं नाही. मागे कुणी आकडे मागितले तेव्हा मी घरभेटी किती, सिव्हिलला सोबत किती जण आले, एवढेच दिले.

“जगावंसं वाटत नाही” असं कुणी म्हणालं तर

घाबरू नका, विषय बदलू नका. सरळ विचारा: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडायचं नाही; एकाने बसायचं, दुसऱ्याने कार्यक्रम अधिकाऱ्याला बोलवायचं. त्याच्या संमतीने घरातला विश्वासाचा माणूस जोडा, आणि संमती नसली तरी जिवाला धोका दिसत असेल तर जोडा. शेतीच्या घरात फवारणीची औषधं हाताशी असतात. ती त्याच दिवशी कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, किंवा सरळ शेजारच्या घरी. १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्याबरोबर जा, नुसता पत्ता देऊ नका.

“पोलीस केस होईल” म्हणून घरचे गप्प बसतात. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं, आणि तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर गुप्तता संपली. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. हे काम विद्यार्थ्याचं नाही, तुमचं.

‘बाहेरचं आहे’ म्हणून देवऋषीकडे चाललेल्या घराशी पहिल्या भेटीत वाद घालू नका. देवाचंही करा, डॉक्टरांचंही करा, एवढं म्हटलं तरी एक दार उघडं राहतं. मारहाण किंवा साखळीने बांधून ठेवणं दिसलं तर मात्र गप्प बसता येणार नाही. साखळदंडाला तोच २०१७ चा कायदा सरळ मनाई करतो. आम्हाला एकदाच असं दिसलं. आईच बांधत होती, कारण मुलगा हायवेवर पळायचा आणि ती एकटी होती. तिच्यावर कायदा फेकून काय मिळालं असतं? उपकेंद्राच्या अधिकाऱ्यांना घेऊन गेलो, सिव्हिलपर्यंत गाडीची सोय केली. तीन महिन्यांनी साखळी सुटली.

आठव्या दिवसानंतर

समारोपाला भाषणं होतात, लाडू होतात, जिओ-टॅग फोटो होतात. खरं काम त्यानंतरचं. २४० तासांतले बरेचसे शिबिराबाहेरचे असतात, ते गावासाठी राखा. महिन्यातला एक ठरलेला शनिवार, चार विद्यार्थी, तीच घरं. आम्ही शाळेच्या फळ्यावर पुढची तारीख लिहून यायचो. एकदा परीक्षेमुळे ती चुकली, तेव्हा एक आजी तासभर थांब्यावर बसून होत्या.

हळूहळू काम गावाच्या हाती द्या. हे होतं याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ मध्ये नाशिकच्या पेठ तालुक्यात ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रकल्प केला. गावातलीच माणसं निवडली, त्यांना ऐकायला आणि साधं समुपदेशन करायला शिकवलं, गंभीर आजाऱ्यांना दवाखान्याशी आणि गरजूंना सरकारी योजनांशी जोडायला शिकवलं. पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातही तो गेला. कॉलेजला एवढं मोठं जमणार नाही. गावातली चार माणसं मिळाली तरी चालेल: एक आशाताई, एक बचत गटातली, एक शिक्षक आणि दूध केंद्रावरचा तो पावती लिहिणारा.

शेवटची गोष्ट तुमच्या बदलीची. कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत तीन वर्षांची, फार तर एक वर्ष वाढते. नव्या माणसाला बहुधा कपाटाची किल्ली आणि जमाखर्चाची फाइल मिळते. तुम्ही त्याला एका शनिवारी गावी न्या. आशाताईंकडे, दूध केंद्रावर, त्या आजींकडे, आणि शाळेमागच्या त्या चढावर, जिथे रेंज येते.